मध्ये पडणारं माणूस

गेल्या डिसेंबरात आई दोन महिन्यांसाठी कराडहून आमच्याकडे आली. डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका बेडरूमच्या घरात आम्ही चार माणसं. पहिल्याच दिवशी ती खाली फिरायला गेली आणि आमची इमारत विसरली. इथल्या सगळ्या इमारती सारख्याच. शेवटी आठ वर्षांच्या नातवानेच तिला शोधून आणलं. तेव्हापासून दोघांची गट्टी.

एका संध्याकाळी गणिताची वही सोफ्याखाली सापडली. "शाळेत राहिली," असं चिरंजीव दोन दिवस सांगत होते. माझा हात उठला आणि पाठीत बसलाही. दुसरा बसायच्या आत कणकेच्या हातांनी आई मध्ये उभी राहिली. "पुरे! आता तूच मार खाशील माझ्या हातचा."

रडणं थांबल्यावर लेकाने विचारलं, "आई, तू टीचर होतीस तेव्हा पण मारायचीस?"

मी म्हटलं, "एकदा."

खरंच एकदाच. पाचवीतल्या एका मुलीला, हातावर पट्टी. 2009च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मारायला बंदी आहे, हे मला चांगलं ठाऊक होतं. त्यानंतर वर्षभर ती मुलगी माझ्याकडे मान वर करून बघत नव्हती. नोकरी सोडून इथे आले, पण ती खाली घातलेली मान माझ्याबरोबर आली.

रात्री आईला म्हटलं, "तू तर मला लाटणं घेऊन धावायचीस."

"धावायचे ना. पण शेजारच्या काकू येणार हे ठाऊक असायचं, म्हणून ओरडायचे जास्त." मग थोडं थांबून म्हणाली, "आमचे दादा मारायचे तेव्हा कुणी मध्ये पडायचं नाही. आई दाराआड उभी असायची."

इतक्या वर्षांत हे ती पहिल्यांदाच बोलली.

आपल्या गप्पांत हा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास येतात. एक, "आम्ही मार खाल्ला, बिघडलो का?" दुसरं, "ही सगळी परदेशी फॅडं." दुसऱ्याला माझ्याकडे उत्तर आहे. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ काढला. मुलाला धाक नको, मोकळीक द्या, हे ते तेव्हापासून सांगत होते. 1945 मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या आणि जी मुलं शाळेत येत नव्हती त्यांच्या अंगणात शाळा घेऊन गेल्या. हे काही दुबईत शिकायला नको होतं. मी तर ते परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते!

इथेही 2016चा बालहक्क कायदा आहे. 'वदीमा कायदा' म्हणून तो ओळखला जातो. वडिलांच्या छळाने गेलेल्या त्या मुलीचं वय आठ होतं. तिथपर्यंत वाचून मी फोन खाली ठेवला.

पहिल्या वाक्याला मात्र नेमकं उत्तर मला आईच्या बोलण्यात सापडलं. आपण बिघडलो नाही ते माराने नव्हे, मध्ये पडणाऱ्या काकूंमुळे. आईच्या लहानपणी तसं कुणी नव्हतं, आणि सत्तरीत आली तरी तिला ती दाराआडची आई दिसते. इथे तर दारंही बंद. उन्हाळ्यात बाहेर पाऊल टाकवत नाही. नवरा येईपर्यंत घरात एक आई, एक मूल आणि एक वही. मूल लाडाचं, पण नजरेआड व्हायला त्याला जागा नाही, आणि मला थांबवायला माणूस नाही.

फेब्रुवारीत आई परत गेली. जायच्या आदल्या दिवशी समोरच्या मल्याळी चेचींना बेसनाचे लाडू दिले आणि आपल्या हिंदीत बजावलं, "इधर से आवाज आया, तो बेल बजाने का." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गेल्या महिन्यात पाढ्यांवरून माझा आवाज चढला आणि बेल वाजली. दारात चेची. साखर हवी होती म्हणाल्या.

वाटी आणायला मात्र विसरल्या होत्या.