वज्रेश्वरीच्या वाटेवरचा प्लॉट

निवृत्तीनंतर हाती आलेला प्रॉव्हिडंट फंड चाळीतल्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. आम्हा उभयतांचेही तसेच झाले. जन्म दहा बाय दहाच्या खोलीत गेला. आता दोन गुंठे जमीन, एक पडवी, दोन आंब्याची झाडे असावीत, सुट्टीत नातवंडे यावीत, एवढीच हौस. एका एजंटाने भिवंडी तालुक्यातला 'फार्म प्लॉट' सुचवला. भावही परवडणारा. बयाणा देण्याआधी जागा डोळ्यांनी पाहावी म्हणून एका रविवारी निघालो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. गल्लीगल्लीतून मागांचा खडखडाट कानी येतो. महामार्गाच्या बाजूला मात्र आता भातखाचरांच्या जागी गोदामांचे लांबच लांब पत्रे. अंबाडीच्या वाटेला लागल्यावर कुठे हिरवे दिसू लागले. पुढे तानसा नदी, अकलोलीची गरम पाण्याची कुंडे आणि 1739 साली वसई जिंकल्यावर चिमाजी अप्पांनी बांधविलेले वज्रेश्वरीचे किल्ल्यासारखे देऊळ. मन प्रसन्न झाले. वाटले, येथेच राहावे.

प्लॉटवर चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या. पलीकडच्या झोपडीतून एक आजोबा आले. आम्ही चौकशी केली, तेव्हा म्हणाले, "जमीन आमचीच हाय. इकली नाय. पैसं उसनं घेतलं, तवा कागदावर आंगठा दिला."

आम्ही गप्प झालो. घरी आल्यावर मुलीने सरकारच्या महाभूलेख संकेतस्थळावर सातबारा पाहिला. इतर अधिकारात लिहिले होते, 'कलम 36 व 36अ ला पात्र'. म्हणजे जमीन आदिवासी खातेदाराची. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे परवानगीशिवाय ती बिगरआदिवासीच्या नावे होऊ शकत नाही. शिवाय आम्ही शेतकरी नाही. 1948 च्या कुळकायद्याचे कलम 63 आम्हाला परवानगीविना शेतजमीन घेऊ देत नाही. एजंट म्हणे, "नोटरी करून देतो." पण नोटरीच्या कागदाने मालकी मिळत नाही. त्यासाठी दुय्यम निबंधकाकडे नोंदलेले खरेदीखत लागते.

पैसे वाचले, हे खरे. पण मनाला लागले ते वेगळेच. आमच्या आजोबांनी जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबून काढले. त्यांच्या नावावर एक गुंठाही नव्हता. आणि आज त्यांचीच नातवंडे कुणाच्या आंगठ्यावर आंब्याची झाडे लावायला निघाली होती!

वाचकहो, जागा जरूर पाहा. पण आधी सातबारा वाचा, फेरफार तपासा, बिगरशेतीचा आदेश मागा, आणि जमीन कसणाऱ्याशी चार शब्द बोला. तोवर सुट्टीला एस.टी.ने अकलोलीला जावे, कुंडात पाय सोडून बसावे, शिदोरी सोडावी, संध्याकाळी घरी यावे. आम्ही आता तेच करतो. दोन गुंठ्यांची हौस अजून आहे. योग्य कागद मिळेल तेव्हा पाहू.