जागा बदलणारी कचेरी

सिएटलहून उत्तरेला एव्हरेट. भाच्याने मला तिथे नेलं ते खजिना शोधायला. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दोन दिवसांत ओरेगनमधल्या एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. असा लपवलेला खजिना शोधायचा हा जिओकॅशिंगचा खेळ तेव्हापासूनचा.

जीपीएसवरचा आमचा बाण बंदरातल्या मोकळ्या बागेत येऊन थांबला. समोर उंच उतरत्या छपराची, जुन्या इंग्लिश वाड्यासारखी इमारत. वेअरहाउझर या लाकूड कंपनीची १९२३ सालची कचेरी. जर्मनीतून आलेल्या फ्रेडरिक वेअरहाउझरने १९०० मध्ये भागीदारांसह रेल्वे कंपनीकडून नऊ लाख एकर जंगल विकत घेतलं, एकरी सहा डॉलरने! कंपनीची एव्हरेटची गिरणी त्यानंतरची.

आपला वखारवाला फळीचा तुकडा पुढे करतो, रंधा मारून रेषा दाखवतो. यांनी नमुना म्हणून अख्खी कचेरीच बांधली. डग्लस फर, सीडर, हेमलॉक, सगळं इथल्याच रानातलं. आत जाऊन मी लाकडावरून हात फिरवला. उभ्या रेषा इतक्या दाट, की नखाएवढ्या जागेत मोजता मोजता चुकलो. जाहिरात इतकी देखणी की ती तोडलेल्या जंगलाची आहे, हे विसरायला होतं. मीही विसरलो होतो.

पण खरी गंमत पुढे. ही कचेरी मुळात इथली नाहीच. १९३८ मध्ये ती बार्जवर चढवून कंपनीच्या दुसऱ्या गिरणीकडे नेली. १९८४ मध्ये पुन्हा पाण्यावरून मरिनाजवळ आली, आणि २०१६ मध्ये या बागेत. आपल्याकडे बिऱ्हाड हलतं, घर जागेवर राहतं. इथे घरच बिऱ्हाडासारखं फिरलं. आणि आम्ही अशा कचेरीपाशी जीपीएसच्या चार-पाच मीटरच्या हिशेबाने खजिना शोधत होतो!

"मामा, असं वाकून नका बघू, मगल्स बघतायत," भाचा कुजबुजला. खेळाबाहेरच्या माणसांना ही मंडळी मगल्स म्हणतात. मग त्यानेच बूट बांधायच्या मिषाने बाकाखाली हात घातला. निघाली करंगळीच्या पेराएवढी लोहचुंबकाची डबी. आत कागदाची सुरळी, तिच्यावर आधी येऊन गेलेल्यांची बारीक अक्षरातली नावं आणि तारखा. बाकी काही नाही. खजिना म्हणतात तो एवढाच.

सही करायला पेन नव्हतं. कचेरीत आता कॉफी आणि व्हिस्की मिळते, तिथल्या काउंटरवरून मागून आणलं. तुम्ही गेलात तर पेन घेऊन जा. डबीत ते मावत नाही.