बडोद्याचे पाखरघर

इंदूरच्या मराठी माणसाला बडोदे कधी परके वाटत नाही. इकडे होळकर, तिकडे गायकवाड. दोन्हीकडे मुलखापासून दूर येऊन रुजलेली आपली माणसे. शिवाय आमचे तर ते आजोळच. रतलाम, दाहोद, गोध्रा ही स्थानके मागे टाकीत गाडी बडोद्यास लागली की आमच्यातला मुख्याध्यापक फलाटावरच राहतो आणि भाचा तेवढा रिक्षात बसतो. गेली कित्येक वर्षे दिवाळीच्या सुट्टीतला हा आमचा नेम आहे.

बडोद्यास गेलो की प्रथम सयाजीबागेत एक फेरी मारावयाची. जुनी मंडळी तिला अजून कमाटीबाग म्हणतात. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीच्या काठी ही बाग उभारली. तिथल्या पक्ष्यांपुढे उभे राहून आजोबा आम्हांला राजवाड्यातल्या शिकवलेल्या पोपटांच्या गोष्टी सांगत. ते पोपट म्हणे चांदीची चिमुकली सायकल चालवीत आणि चांदीची तोफ उडवीत! ऐकताना आमचे डोळे विस्फारत. त्या पोपटांना हे सारे आवडत होते किंवा कसे, हा प्रश्न त्या वयात आम्हांला पडला नाही.

मामांचे घर तेव्हा दांडिया बाजारात होते. ओसरीवर आजीचा मिठू होता. गोल, लोखंडी पिंजरा. इतका लहान की पंख पुरते उघडले तर दोन्हीकडच्या गजांना लागावेत. आज असा आपल्याकडचा पोपट पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. त्या काळी त्याचे भान कोणालाच नव्हते. मिठू त्या पिंजऱ्यातच म्हातारा झाला आणि त्यातच गेला. मामांनी पिंजरा माळ्यावर टाकला आणि पुढे अनेक वर्षे घरात पाखरू आणले नाही.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मामांनी नदीपासून फारशा दूर नसलेल्या एका सोसायटीत बैठे घर घेतले. तिथल्या परसात, कडुनिंबाच्या सावलीत, त्यांनी हौसेने बांधून घेतले ते हे पाखरघर. बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि माणूस ताठ उभा राहील इतके उंच. पश्चिमेला विटांची भिंत, वर अर्धे पत्र्याचे छप्पर, बाकी सगळीकडे अर्ध्या इंचाची जाळी. मध्ये जाळीचाच एक आडपडदा; एका बाजूला जोड्या, दुसऱ्या बाजूला पोरेसोरे. दारे दोन, एकामागे एक. पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडावयाचे नाही, हा मामांचा कायदा. बसावयास कडुनिंबाच्या ओल्या फांद्या; त्या कमीजास्त जाडीच्या असल्या म्हणजे पाखरांचे पाय सुदृढ राहतात आणि साल सोलण्यात त्यांचा वेळही छान जातो.

या घरातले रहिवासी म्हणजे बजरीगर. आपल्याकडच्या बाजारात त्यांना सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणून विकतात; पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले, आणि हे पाखरू ऑस्ट्रेलियाचे. त्या खंडाच्या कोरड्या अंतर्भागात यांचे हजारोंचे थवे पावसामागे भटकतात. जिथे पाऊस पडला, गवताला बी धरले, तिथे संसार मांडावयाचा. बी संपले की पुढे. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी १८४० साली काही जिवंत पाखरे इंग्लंडात नेली आणि तेथून ही जात जगभरच्या घरांत पोहोचली. वितीहून थोडेच कमी अंग, तीस-चाळीस ग्रॅम वजन. मूळ रंग एकच: हिरवे अंग, पिवळे तोंड आणि पाठीवर काळ्या लाटा. निळे, पिवळे, पांढरे हे सारे पिंजऱ्यात निपजलेले रंग.

एकदा मामांकडे हिरव्या जोडीच्या पोटी निळे पिल्लू निघाले. मामींनी नराकडे पाहून कपाळाला हात लावला. मामा म्हणाले, “अहो, उगीच संशय घेऊ नका. दोघांच्याही रक्तात निळा रंग झाकलेला आहे. अशा जोडीच्या चार पिल्लांत सरासरीने एक निळे निघावयाचेच. आजीचे घारे डोळे एकदम नातीत उतरत नाहीत का?” अंगातला पिवळा रंग नाहीसा झाला की उरतो तो निळा, एवढेच ते गूढ.

सकाळी सहाला मामांची पाखरघरातली पूजा सुरू होते. आधी पाण्याची भांडी घासून भरावयाची, मग कालच्या दाण्यावरची टरफले फुंकून टाकावयाची. ही पाखरे दाणा सोलून खातात आणि टरफल तिथेच टाकतात; त्यामुळे भांडे भरलेले दिसते आणि पाखरू मात्र उपाशी राहते. दाणा मुख्यतः राळ्याचा, ज्याला बडोद्यात कांग आणि आमच्या इंदुरात कंगनी म्हणतात. जोडीला थोडी बाजरी. धुतलेली कोथिंबीर, पालक, कोवळे मक्याचे कणीस. जाळीला अडकवलेला समुद्रफेसाचा तुकडा. अंड्याच्या कवचाला लागणारा चुना मादीला त्यातून मिळतो.

नर-मादी ओळखावयाची ती चोचीच्या मुळाशी नाकपुड्यांभोवती असलेल्या मऊ पट्ट्यावरून. वयात आलेल्या नराचा पट्टा बहुधा निळा, मादीचा तपकिरी. घरट्यासाठी मामा कुंभाराकडून बाजूला भोक असलेली मडकी आणतात. गवतकाडी लागत नाही. तळाशी लाकडाचा भुसा पुरतो. जोड्या नऊ आणि मडकी सोळा, तीही सगळी एकाच उंचीवर. एक मडके उंच टांगले तर त्यासाठी माद्या रक्त निघेपर्यंत भांडतात! मादी दिवसाआड एक अशी चार-सहा अंडी घालते आणि पहिल्या-दुसऱ्या अंड्यापासूनच बसावयास लागते. त्यामुळे अठरा-एकोणीस दिवसांनी पिल्लेही दिवसाआड फुटतात. मडक्यात डोकावावे तर मोठे पिल्लू पिसे फुटलेले आणि धाकटे अजून उघडे, आंधळे. आमच्या शाळेत एकाच खोलीत पाच इयत्ता बसत, त्याची आठवण व्हावी! पाचव्या आठवड्यात पिल्ले बाहेर येतात आणि पुढले काही दिवस बाप त्यांना भरवतो.

मृगाच्या पावसाने हवा निवली की एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, अशी वर्षातून दोनदाच मडकी टांगावयाची. पिल्ले बाहेर पडली की ती उतरवावयाची, यावर मामांचा कटाक्ष. तो का, हे आम्ही आमच्या चुकीने शिकलो. काही वर्षांपूर्वी मामांना न विचारता आम्ही इंदूरच्या बाजारातून एक जोडी आणली. मडके वर्षभर टांगलेले ठेवले. पिल्ले होताहेत, मुले खूश आहेत, असे आम्हांला वाटले. समुद्रफेस संपला तो पुन्हा आणावयाचा राहून गेला. चौथ्या खेपेला, ऐन थंडीत, मादीच्या पोटात अंडे अडकले. सकाळी ती तळाशी पिसे फुलवून बसलेली दिसली; दुपारी शाळेतून येईतो संपली होती. मामांना फोनवर सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तिला थांब म्हणणारे कोणी नव्हते रे. रानात गवत वाळले की निसर्गच थांबवतो. घरात ते काम आपले.”

यावर आम्ही एक जुना वाद उकरून काढला. मराठी असो की हिंदी, निबंधाच्या तासाला ‘पिंजऱ्यातल्या पोपटाचे मनोगत’ हा विषय आम्ही पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दिला आहे आणि ‘दार उघडा, मला माझे आकाश द्या’ अशा शेवटाला भरघोस गुणही दिले आहेत. पुढल्या भेटीत आम्ही मामांना म्हटले, “मामा, इतका जीव आहे तर एक दिवस दार उघडून का देत नाही?”

मामा हसले. म्हणाले, “कुठे जातील? यांच्या कित्येक पिढ्या पिंजऱ्यात गेल्या. कावळा काय, शिक्रा काय, यांना ठाऊक नाही. दाणा शोधावयाचा कुठे, हेही ठाऊक नाही. उद्या कोणी आपले दार उघडून म्हटले, जा आपल्या साताऱ्याला. तर तू जाशील?”

आम्ही निरुत्तर झालो, पण पुरते पटले नव्हते. ते पटले २०२४ च्या दिवाळीत.

त्या वर्षी २६ ऑगस्टला गोकुळाष्टमी होती. बडोद्यात पावसाने कहर केला आणि विश्वामित्री धोक्याची पंचवीस फुटांची पातळी ओलांडून कितीतरी वर चढली. शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्या. मामांच्या सोसायटीत पाणी शिरले तेव्हा मृगाची मडकी अजून टांगलेली होती आणि सहा मडक्यांत पिल्ले होती. वीज गेलेली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे मामा गुडघाभर पाण्यात पाखरघरापाशी उभे. शेजारचा मुलगा मदतीला धावला आणि कळवळून म्हणाला, “दादा, दार उघाडी दो ने, ऊडी जशे!” मामा म्हणाले, “उडतील बेटा, पण जगणार नाहीत.”

मामींनी कपाटातले उशांचे सगळे अभ्रे काढले. अंधारात ही पाखरे फांदीवर गप्प बसून राहतात; बॅटरीच्या उजेडात एकेक अलगद धरावयाचे, अभ्र्यात घालावयाचे आणि त्या मुलाने जिन्यावरून गच्चीच्या खोलीत पोहोचवावयाचे. पिल्लांच्या मडक्यांच्या तोंडाला रुमाल बांधून ती मागाहून नेली. दोन तासांत चाळीसच्या वर पाखरे वर गेली. एक हिरवा नर तेवढा मामांच्या हातून निसटला आणि पावसात दिसेनासा झाला.

खाली स्वयंपाकघरात राळ्याची पिशवी भिजून गेली होती. अष्टमीच्या उपासासाठी आणलेले वऱ्याचे तांदूळ, ज्याला तिकडे मोरैयो म्हणतात, तेवढे फळीवर कोरडे राहिले होते. मामी आम्हांला सांगत होत्या, “अरे, आम्ही दोघे पोह्यांवर राहिलो आणि कृष्णाचा फराळ पाखरांनी खाल्ला!” तीन मडक्यांतल्या माद्या पुन्हा पिल्लांकडे फिरकल्या नाहीत, ती पिल्ले गेली. दोन म्हाताऱ्या पाखरांनी धास्तीने प्राण सोडले. बाकीची वाचली. पाणी उतरले तेव्हा तो हिरवा नर सापडला, कडुनिंबाच्या बुंध्याशी. दारापासून पंधरा पावलांवर.

मामांनी आम्हांला ती जागा दाखवली. आम्ही काही बोललो नाही. तीस वर्षे ज्या निबंधांना भरघोस गुण दिले, त्यांचा शेवट असा आमच्यासमोर होता.

पाखरघर पुन्हा धुऊन, चुना देऊन उभे राहिले होते. पण दिवाळी सरत आली तरी मडकी टांगलेली दिसेनात. धुऊन, पुसून भिंतीशी पालथी घातलेली होती. आम्ही विचारले, तेव्हा मामांनी बोटांवर हिशेब मांडला. “हे पाखरू नीट ठेवले तर सहा-आठ वर्षे जगते, एखादे दहाही. आता पिल्ले काढली तर ती म्हातारी होतील तेव्हा मी कितीचा? आणि मी नसलो तर यांचे दार कोण उघडणार?” त्यांची मुले दूरदेशी आहेत. पाखरे कमी करावयाची, नव्यांना जन्म द्यावयाचा नाही, असे त्यांनी ठरवले होते. दोन घरांना त्यांनी तरुण पाखरे दिली. देण्याआधी स्वतः जाऊन पिंजरा मोजून आले. एका घरी तो लहान भरला, तर त्यांना नम्रपणे नकार दिला.

निघताना मामा म्हणाले, “तू मागितलीस तर देईन. पण पिंजरा आधी, पाखरे नंतर.”

घरी परतल्यावर आम्ही गच्चीच्या सावलीच्या कोपऱ्यात आठ फूट लांबीचे जाळीचे घर बांधून घेतले, दोन दारांचे. मोजमाप मामांना फोनवर वाचून दाखवले. आज तिथे चार पाखरे आहेत, त्यांतले एक निळे. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी पाणी बदलावयाचे आणि टरफले फुंकावयाची. समुद्रफेसाचे दोन तुकडे कपाटात जादा ठेवलेले आहेत. मामांनी बरोबर दिलेले मडके मात्र अजून पालथेच आहे. आधी वर्षभर पाखरे नीट सांभाळून दाखवा, मग पाहू, अशी मामांची अट आहे, आणि या खेपेस परीक्षक ते आहेत.