झेंडूचा केशरी, आभाळाचा केशरी

मुदखेडच्या शिवारात मावळता सूर्य टिपायचा तर आधी ऋतू बघावा लागतो. एप्रिल-मेमध्ये हवेत एवढी धूळ असते की क्षितिजाला टेकायच्या आधीच सूर्य तांबूस आणि मंद होतो. कॅमेऱ्याला तो पेलतो. पावसाळा सरला की हवा धुतलेली असते आणि सूर्य शेवटपर्यंत डोळे दिपवत राहतो. नेमका तेव्हाच, दसऱ्याच्या तोंडावर, इथला झेंडू फुललेला असतो.

बाहेरच्यांना मुदखेड माहीत असतं ते जंक्शन म्हणून; आदिलाबादचा फाटा इथूनच फुटतो. आम्हाला मात्र अभिमान आहे तो फुलांचा. माझ्या ओळखीच्या एका मामांना त्यांच्याच झेंडूच्या शेतातला सूर्यास्त मोठा करून घरात लावायचा होता. मी कॅमेरा घेऊन बांधावर उभा राहिलो तेव्हा समोर फुलांचे ताटवे, डावीकडे शेततळं, मागे एक कडुनिंब आणि त्याच्या फांद्यांआड उतरणारा सूर्य.

एक्सपोजर मी मुद्दाम कमी ठेवलं. काळोखात दडलेला तपशील नंतर वर काढता येतो. जळालेल्या जागी काढायला काही उरतच नाही. संध्याकाळच्या उजेडात सर्वांत आधी भरतो तो लाल चॅनल. लाल भरून थांबतो, हिरवा वाढतच राहतो, आणि केशरीचा पिवळा होतो, पिवळ्याचा पांढरा. कितीतरी फोटोंत सूर्याभोवती जे लिंबोणी कडं दिसतं ते आभाळात नसतंच, ते असं तयार झालेलं असतं. एकत्रित हिस्टोग्राम बघून हे नीट कळत नाही. लाल, हिरवा, निळा असे तिन्ही आलेख वेगळे बघावेत.

आणि फोटो रॉमध्येच काढावा. चौदा बिटांच्या रॉ फाइलमध्ये प्रत्येक चॅनलला उजेडाच्या 16,384 पायऱ्या मिळतात, जेपेगमध्ये 256. सेन्सर उजेड सरळ मोजतो, म्हणून त्या पायऱ्यांपैकी निम्म्या, 8,192, एकट्या सर्वांत उजळ स्टॉपच्या वाट्याला येतात. उजळ भाग जळलेला नसेल तर खाली आणताना त्यात छटा भरपूर सापडतात, त्या याचमुळे.

घरी फाइल उघडली आणि आधी सूर्याचं ठरवून टाकलं. हायलाइटचा स्लायडर तळाशी ओढला की सूर्याचा गोळा राखाडी होतो. राखाडी सूर्य मला बघवत नाही. गोळा पांढराच राहू दिला आणि त्याच्या भोवतालचं आभाळ तेवढं खाली आणलं, पांढऱ्यातून केशरीत जाताना मध्ये कुठे कडा दिसणार नाही इतक्या हळूहळू. सर्वांत जास्त वेळ इथेच गेला. आभाळासाठी सरळ आडवा ग्रेडियंट लावला असता तर कडुनिंबाचा शेंडाही त्यात काळा झाला असता. म्हणून उजेडाच्या पातळीवरून मास्क केला. फांद्यांभोवती पांढरी किनार आली होती, ती मास्कची कड मऊ करून घालवली.

आभाळासाठी एक आणि जमिनीसाठी एक, असे दोन फोटो काढून जोडायची रीत जुनी आहे. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव्ह ल ग्रे याने 1850च्या दशकात समुद्राची काही चित्रं अशीच दोन निगेटिव्ह जोडून छापली, कारण त्या काळच्या कोलोडियनच्या काचा निळ्या उजेडाला फार लवकर भुलत आणि आभाळ कोरं उरे. मामांच्या शेतात वारा होता, फुलं हलत होती. दोन फोटो जुळले नसते. जे करायचं ते एकाच फाइलमधून.

मामांना पहिली प्रत दाखवली. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “आभाळ लई भारी आलंय, पर माझा झेंडू काळाच दिसूलालाय की!”

त्यांचं म्हणणं मला पटलं, पण सगळं शेत उजळायला माझा हात धजेना. शेताला उजेड आभाळाकडूनच मिळतो. शेत आभाळाच्या बरोबरीने उजळलं की संध्याकाळ संपते. शेततळ्याचंही तेच, पाण्यातलं आभाळ वरच्या आभाळापेक्षा थोडं गडदच असायला हवं. झेंडूची गोष्ट मात्र वेगळी. सूर्य मागे असला की उजेड पाकळीतून आरपार येतो आणि फूल खरोखरच पेटल्यासारखं दिसतं. मी डोळ्यांनी ते तसंच पाहिलं होतं. मग फक्त केशरी रंगाचा मास्क केला. त्यात आभाळातला केशरीही आला, तो वजा केला. उरलेली फुलं साधारण सव्वा स्टॉप वर घेतली. पानं आणि माती होती तशीच ठेवली. मातीत दाणे उमटतात ते याच घाईत, सगळंच वर ओढल्यामुळे.

स्क्रीन स्वतः उजेड फेकते, कागद समोरच्या उजेडावर दिसतो, त्यामुळे छापण्याआधी पूर्ण चित्र किंचित उजळ केलं. मामांनी ते बैठकीत लावलं आहे. घरी येणाऱ्याला ते आधी फुलं दाखवतात, सूर्य नंतर.

असा फोटो काढायला मुदखेडला येणार असाल तर दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात या, आणि शेतकऱ्याला विचारूनच बांधावर चढा. मोठी तोडणी सुरू झाली की ताटव्यात हिरवाच रंग उरतो. मग थेट दिवाळीच्या फुलांची वाट बघावी लागते.