कागदी लिंबाला लागलेला डिंक्या

मंदिरात दोघी-तिघींनी विचारलं, “ताई, झाडाला बुरशी आली तर औषध लावावं का? तोही जीवच ना?” श्रावणात माझ्या कागदी लिंबाच्या कलमाला डिंक्या लागला, तेव्हा मलाही हेच कोडं पडलं होतं.

झाड 2 वर्षांचं, 14 इंची कुंडीत. पावसाची झड लागली आणि पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. मातीलगतची साल काळपट, ओलसर होऊन डिंक पाझरू लागला. साल चहूबाजूंनी कुजली की मुळांना अन्न पोचत नाही, मग झाड गेलंच समजा. हे काम फायटोप्थोराचं. शेतकरी तिला बुरशीच म्हणतात, शास्त्रज्ञ हल्ली खऱ्या बुरशीत धरत नाहीत. आपल्याला काय, जीव तो जीवच.

सासूबाई म्हणाल्या, “एका झाडापायी अनंत निगोदिया जीव मारायचे?” त्यांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. मी माताजींना विचारलं. ‘औषध लाव’ असं त्या सांगणार नव्हत्याच. एवढंच म्हणाल्या, “श्रावकाने संकल्पी हिंसा सोडायची. आरंभी टळत नाही, तिथे यत्नाचार ठेवायचा.”

माझ्या मते इथला यत्नाचार म्हणजे आधी पाणी तोडणं. हा रोग साचलेल्या ओलीवर पोसतो. कुंडी विटांवर चढवली, तळाचं बुजलेलं भोक काडीने मोकळं केलं. खोडाभोवतीची माती चार बोटं उकरून कलमाचा जोड उघडा केला. ती माती परातीत हळूहळू पाहिली. गांडुळं निघाली, ती तर दोन इंद्रियांची, जास्वंदीच्या कुंडीत सोडली. पंचमीला दशलक्षण पर्व बसायच्या आत हे उरकायचं होतं.

चार दिवस वाट पाहिली. डिंक थांबेना, तेव्हा कुजकी साल निरोगी भाग लागेपर्यंत खरवडली आणि बोर्डो मलम केलं. 10 ग्रॅम मोरचूद 50 मिली पाण्यात, 10 ग्रॅम कळीचा चुना वेगळ्या 50 मिलीत, मग दोन्ही एकत्र. भांडी प्लास्टिकची, आणि स्वयंपाकघरातली मुळीच नकोत, मोरचूद विषारी असतं. हातमोजे घाला. लोखंडी सुरी बुडवून पाहा, तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय. मलम त्याच दिवशी वापरायचं. तासगावकडे द्राक्षांवर याचंच पातळ मिश्रण फवारतात. मी फवारलं नाही, ब्रशने जखमेपुरतंच लावलं. पानांवरच्या, मातीतल्या बाकी जीवांना कशाला त्रास?

क्षमावाणीला मी कुंडीपुढेही हात जोडले. सासूबाई हसल्या नाहीत, शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

एक फांदी वाळली, ती कापली. उरलेल्या दोघींवर कार्तिकात पोपटी पालवी आली. पुढच्या पावसाळ्याआधी पुन्हा मलम लावायचंय. पुडीत मोरचूद उरलंय, कुणाला हवं असेल तर न्या.