पोटावरचे बिऱ्हाड

माझ्या पोटावर डाव्या अंगाला एक बिऱ्हाड आहे, हे गडचांदुरात आमच्या सौभाग्यवतीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हते. गुदाशयाच्या कॅन्सरपायी डॉक्टरांनी आतड्याचे तोंड कायमचे पोटावर आणून सोडले. त्याला स्टोमा म्हणतात. डाळिंबाच्या दाण्यासारखा लाल, ओलसर. हात लावला तरी दुखत नाही. पण या दाराला पहारेकरी नाही! आतले केव्हा बाहेर यावे, ही सत्ता आपल्या हाती उरत नाही. म्हणून त्यावर पिशवी चिकटवायची.

ही पिशवी निघाली ती एका बहिणीच्या मायेतून. डेन्मार्कमधल्या एलिसे सोरेन्सन या परिचारिकेच्या बहिणीवर, थोरावर, असेच ऑपरेशन झाले आणि ती चारचौघांत जायला भिऊ लागली. तेव्हा १९५४ साली एलिसेला कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकून देता येणाऱ्या पिशवीची कल्पना सुचली. तो मुलुख थंड. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. घामाने चिकटलेली कड सुटते. मग एसटीने राजुऱ्याला जाणेसुद्धा काशीयात्रेइतके अवघड!

राजुऱ्याला माझी थोरली बहीण असते. दोन भाऊबिजा मी तिच्याकडे गेलो नाही. कधी पाय दुखतो, कधी शेतात काम. शेवटी भाचीच्या लग्नाची पत्रिका घेऊन ताई स्वतःच आली.

“काऊन रे, वाटणीचा राग अजून मनात आहे का?” तिचे डोळे भरले होते.

वाटणी! ती मी केव्हाच विसरलो होतो. काय करणार? दार लोटले आणि सदरा वर केला.

ताईने नीट निरखून पाहिले.

“दुखते का?”

“नाही.”

“मग धुवायला पाणी किती लागते?”

लग्नघरी तिने मागच्या न्हाणीघराची किल्ली माझ्या हाती ठेवली. आत भरलेली बादली, खुंटीला कोरा पंचा. डॉक्टरांनी हरभऱ्याला जपा म्हणून बजावले होते. पण हळदीच्या रात्री मी जिभेचे ऐकले. दुसऱ्या दिवशी भर पंगतीत पिशवीने असा काही सूर लावला, की शेजारचे वरपक्षाचे गृहस्थ घास हातात धरून माझ्याकडे पाहतच राहिले.

ताई समोरच जिलबी वाढत होती.

“अगं, मठ्ठा आणा इकडे,” ती मोठ्याने म्हणाली, “माझ्या भावाच्या पोटात अजून जागा आहे!”

मी आणखी दोन जिलब्या घेतल्या.