आवर्तन कधी सुटणार?

नव्वदच्या दशकात दिंडोरीकडच्या गावांत बातमी सायकलवरून यायची. पाटकरी चारीच्या कडेने यायचा, पाराला सायकल टेकवायचा, तंबाखू मळायचा आणि मग म्हणायचा, "सोमवारी आवर्तन सुटतंय म्हणे." त्या एका 'म्हणे'वर अर्धा तास निघायचा. सलूनमध्ये 'गांवकरी'चा एकच अंक. एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे मध्येच त्याला खोडून काढायचे. वाद रंगला की गालावरचा वस्तरा थांबायचा.

वाघाड धरणाच्या पाण्यावरून तर बोलणं संपायचंच नाही. वरचे भिजायचे, कालव्याच्या शेवटाचे टेलवाले कोरडे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी टेलच्या शेतकऱ्यांना गोळा करून पाणीवापर संस्था उभ्या केल्या. त्या वाढत वाढत २४ झाल्या आणि २००३ नंतर अख्ख्या प्रकल्पाच्या पाण्याचा कारभार शेतकऱ्यांकडे आला. सिंचन व्यवस्थापनाचा कायदा त्याच्याही मागून, २००५ साली. आधी बोलणं, मग कायदा.

अशाच एका संस्थेची सभा मला आठवते. शाळेचा वर्ग, पोरांची बाकं, त्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले बागायतदार. पाळीवरून दोघं इतके पेटले की एकाने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर आपटली. रात्री साडेदहाला सभा मोडली आणि ते दोघं एकाच लुनावर बसून मळ्यात गेले. दुसरी गाडीच नव्हती.

आता पाण्याचा ग्रुप आहे. चारी फुटली की दहा मिनिटांत फोटो येतो, हे सुख मोठंच. द्राक्षाचे पैसे बुडवून व्यापारी पळाला की त्याच्या गाडीचा नंबर संध्याकाळपर्यंत तालुकाभर. पूर्वी पुढचं गाव नाडलं गेल्यावर मागच्याला कळायचं. पण भांडण होतं ते रात्री अकराला, अंथरुणात पडून. आवाज नाही, चेहरा नाही. एक जण काहीतरी टाकतो, दुसरा अंगठा दाखवतो, तिसरा ग्रुप सोडतो.

खोटं तर चारीच्या पाण्यापेक्षा वेगाने पोचतं. १ जुलै २०१८ ला शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, पोरं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षुकांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. त्या पावसाळ्यात आमच्याकडे दरवर्षी येणाऱ्या बहुरूप्याला वेशीवरूनच परत पाठवलं. त्याला नावानिशी ओळखणाऱ्यांनीच पाठवलं.

तरी पाराचे गोडवे फार गाऊ नयेत. माझी आई त्या पारावरून जाताना पदर पुढे ओढून, मान खाली घालून चालायची. तिथे बसायची तिची टाप नव्हती. ठाकरवाडीतला माणूस बोलला तर उभ्यानेच, तेही विचारलं तर. आज बचत गटाच्या बाया रेशनच्या काट्याचा व्हिडिओ काढून ग्रामसभेत दाखवतात आणि भल्याभल्यांची वाचा बसते. ६ मार्च २०१८ ला नाशिकहून निघालेला किसान लाँग मार्च आठवा. सुमारे १८० किलोमीटर. तळपायांना पडलेल्या भेगांचे फोटो मोबाइलवरून फिरले आणि मुंबईकर पाणी, चपला घेऊन रस्त्यावर आले. एरवी ती बातमी आतल्या पानावर एका कॉलमात संपली असती. २०२३ चा मार्च तर दिंडोरीतूनच निघाला. तेव्हाही फोटो फिरले, पण वनहक्कासाठी पायी चालावं लागलंच.

लुनावरचे ते दोघं आता सत्तरी ओलांडून गेलेत. दोघांकडे चारचाकी आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं ग्रुपवर पुन्हा पाळीवरूनच वाजलं आणि टोपीवाल्या काकांनी ग्रुप सोडला. मी मध्ये पडायला गेलो.

"त्याला म्हणावं, घरी ये, चहा घे, काय ते तोंडावर बोल," काका म्हणाले.

मी निरोप पोचवला. दुसऱ्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ खालीवर केला आणि म्हणाले, "अरे, लिंक पाठवलीये ना त्याला."